केमोनंतरचा सेंटिनल नोड : नुसता सापडून भागत नाही

चि. डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

मूत्राशयाच्या कर्करोगात केमोनंतर सेंटिनल नोड, म्हणजे ट्यूमरची लसिका सर्वात आधी ज्या लसिका-गाठीत पोचते ती गाठ, शोधण्याबद्दलचा तुझ्या थीसिसचा आराखडा वाचला. विषय मनापासून आवडला, म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

स्नायूपर्यंत गेलेल्या मूत्राशयाच्या कर्करोगात आधी केमो आणि मग सिस्टेक्टमी, म्हणजे मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया, हा क्रम आता रुळला आहे. ग्रॉसमन यांच्या २००३ सालच्या चाचणीत केमो घेतलेल्या ३८ टक्के रुग्णांच्या काढलेल्या मूत्राशयात ट्यूमर उरलाच नव्हता. नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटात हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे ज्याच्याभोवती ट्रेसर (नोडची वाट दाखवणारं द्रव्य) टोचायचा, तो ट्यूमरच तुझ्या बऱ्याच रुग्णांत दिसणार नाही. तुझ्या आराखड्यात मात्र ‘ट्यूमरभोवती इंजेक्शन’ एवढंच आहे. आपल्याकडे पहिली टीयूआरबीटी (दुर्बिणीतून ट्यूमर खरवडून काढणं) बऱ्याचदा गावाजवळच्या सर्जनकडे झालेली असते, आणि त्यांच्या कागदावर ‘डावी भिंत’ यापलीकडे काही नसतं. तेव्हा केमो सुरू होण्याआधी स्वतः सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशयाची तपासणी) कर, मूत्रवाहिनीच्या (युरेटरच्या) तोंडापासूनचं अंतर धरून ट्यूमरच्या जागेवरच्या व्रणाचं चित्र काढ आणि ते फाइलला लाव. इंजेक्शन त्या व्रणाभोवती, मूत्राशयाच्या भिंतीतल्या डिट्रूसर स्नायूत गेलं पाहिजे. पोकळीत सांडलेला ट्रेसर कामाचा नाही.

आता माझा खरा आक्षेप. तू मुख्य निष्कर्ष म्हणून ‘किती रुग्णांत सेंटिनल नोड सापडला’ हे घेतलं आहेस. सापडणं हे तंत्राचं यश झालं. त्या नोडवर भरवसा ठेवता येतो का, हा प्रश्न वेगळा आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. स्वीडनमधल्या लीडबर्ग यांचा २००६चा अभ्यास काढून बघ. ७५ रुग्णांपैकी ६५ जणांत नोड सापडला, ८७ टक्के. पण ज्यांच्या नोड्समध्ये खरोखर कर्करोग होता असे ३२ रुग्ण होते आणि त्यांतल्या ६ जणांत सेंटिनल नोडने तो दाखवलाच नाही. फॉल्स निगेटिव्हचा, म्हणजे कर्करोग असून चुकल्याचा, भागाकार या ३२नेच करायचा, म्हणून १९ टक्के. ७५ने भागलंस तर ८ येतील आणि कागदावर सगळं छान दिसेल. तसं कधी करू नकोस.

केमोनंतर भागाकारातला हा खालचा आकडा आणखी लहान होतो, कारण औषधाने काही नोड्स साफ झालेले असतात. शिवाय ते सगळे सारखे साफ होत नाहीत. पहिला नोड निवळला आणि मागच्यात पेशी तशाच राहिल्या, असं होऊ शकतं. कर्करोगाने ठासून भरलेला नोड लसिका आत घेतच नाही, ती दुसऱ्या वाटेने जाते. केमोनंतरच्या फायब्रोसिसनेही (तंतुमय व्रणानेही) वाटा बदलतात. स्तनाच्या कर्करोगात हेच घडलेलं आपण पाहिलं आहे. २०१३च्या झेड१०७१ चाचणीत केमोनंतरचा फॉल्स निगेटिव्ह दर १२.६ टक्के आला, ठरवलेली मर्यादा १० टक्के होती. एकच ट्रेसर वापरला तिथे २०.३, दोन वापरले तिथे १०.८. म्हणून रेडिओकोलॉइडबरोबर (टेक्नेशियमसारखं किरणोत्सारी द्रव्य लावलेल्या ट्रेसरबरोबर) दुसरा ट्रेसर घ्यायचा विचार कर.

ओटीपोटात, इंजेक्शनमुळे मूत्राशय स्वतःच इतका ‘हॉट’ (किरणोत्सारी) असतो की शेजारच्या ऑब्ट्युरेटर नोडचा प्रोबवरचा आवाज त्यात बुडतो. मूत्राशय बाहेर काढल्यावर प्रोब (किरणोत्सर्ग मोजणारी सळई) पुन्हा फिरव. मग काढलेल्या नोड्सचं प्रत्येक पाकीट बाजूच्या टेबलावर, मूत्राशयापासून लांब नेऊन मोज. दोन्ही बाजू मोजायच्या. ट्यूमर डावीकडे असला तरी लसिका उजवीकडे जाऊ शकते. टेक्नेशियम-९९एमचं अर्धआयुष्य ६ तासांचं, तेव्हा इंजेक्शनची आणि मोजणीची वेळ दोन्ही लिहिली नाहीस तर सकाळच्या आणि दुपारच्या केसची तुलनाच होणार नाही.

पॅथॉलॉजिस्टना आत्ताच भेट. हॉट नोडचे जास्त काप आणि सायटोकेरॅटिनचं रंजन (कर्करोगाच्या पेशी ठळक दाखवणारं) लागणार, त्यांच्यावर कामाचा बोजा पडतो. फायब्रोसिस आणि फेसाळ मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी) दिसले तर तेही रिपोर्टमध्ये यावं. ती बहुतेक केमोने मारलेल्या मेटास्टॅसिसची खूण असते, आणि ‘निगेटिव्ह’ म्हणून ती हरवता कामा नये.

एका बाबतीत मी ऐकणार नाही. सेंटिनल नोड निगेटिव्ह आला म्हणून डिसेक्शन, म्हणजे ओटीपोटातले नोड्स काढणं, कमी करायचं, हे वाक्य आराखड्यातून काढून टाक. अमेरिकेतल्या एसडब्ल्यूओजी या कर्करोग संशोधन गटाच्या एस१०११ चाचणीत विस्तारित डिसेक्शनचा फायदा दिसला नाही हे खरं, पण तिथेही दोन्ही बाजूंचं प्रमाणित डिसेक्शन प्रत्येकाचं झालं होतं. तुझ्याही प्रत्येक रुग्णाचं ते व्हायलाच हवं. ते झालं नाही तर चुकलेले नोड्स तुला कळणार तरी कसे?

टी-पेशींबद्दलचा (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींबद्दलचा) तुझा परिच्छेद वाचून आनंद झाला. सेंटिनल नोडमधल्या टी-पेशींवर केमोचा काय परिणाम होतो, हे काम स्वीडनमध्येच शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं आहे. पण एका थीसिसमध्ये दोन्ही मावणार नाही. ताजे नोड जपून ठेवायची परवानगी मात्र एथिक्स कमिटीकडून याच अर्जात मागून घे.

मुख्य निष्कर्ष बदल, रुग्णसंख्या संख्याशास्त्रज्ञांकडून नव्याने काढून घे आणि दुसरा मसुदा पाठव.

तुझे,
सर