रिपोर्ट एआयने वाचला म्हणून घरात अबोला

प्रिय 'झोप उडालेली आई',

पत्र चांगलंच लांबलचक आहे तुझं, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगून टाकते. हिचा मुलगा आठ वर्षांचा, वर्गात सगळ्यात बुटका, म्हणून डॉक्टरांनी बोन एज, म्हणजे हाडांची वाढ किती वयाच्या मुलाएवढी झालीय ते, बघायला डाव्या हाताचा एक्स-रे काढायला सांगितला. रिपोर्टमध्ये हाडांचं वय आलं साडेसहा, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ, की हे मोजमाप एआय सॉफ्टवेअरने केलंय आणि रेडिओलॉजिस्टने (एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरने) तपासलंय. झालं, हिचं डोकं फिरलं. आम्हाला विचारलं का कोणी, माझ्या पोराचं वय आता मशीन ठरवणार का! नवरा म्हणाला तू कुठल्या जमान्यात राहतेस, मशीन माणसापेक्षा अचूक असतं. तेव्हापासून दोघांत अबोला, आणि आता मला विचारतेय की मावशी, बरोबर कोण.

अगं, तुम्ही दोघं चुकीच्या मशीनवरून भांडताय.

आधी तो हाताचा एक्स-रे घेऊ. सॉफ्टवेअर यायच्या आधी हे काम कसं व्हायचं माहितीये? डॉक्टर एक अॅटलास उघडून बसायचे, अजूनही खूप ठिकाणी बसतात. ग्रॉयलिच आणि पाइल या दोघांचं पुस्तक, दुसरी आवृत्ती 1959 ची. त्यात प्रत्येक वयाच्या मुलाच्या आणि मुलीच्या हाताचे नमुना एक्स-रे. तुझ्या मुलाचा फोटो घ्यायचा, पानं उलटायची, मनगटाची छोटी हाडं किती तयार झालीयत, बोटांच्या हाडांच्या टोकाशी असलेल्या ग्रोथ प्लेट (हाड जिथून वाढतं तो भाग) कशा दिसतायत ते बघायचं आणि सगळ्यात जवळचं पान कुठलं ते ठरवायचं. आता यात अंदाज आलाच ना. एकच फोटो दोन डॉक्टरांना दाखवला तर काही महिन्यांचा फरक सहज पडतो, आणि त्याच डॉक्टरला काही दिवसांनी परत दाखवला तरी पडू शकतो. सॉफ्टवेअर हेच काम काही सेकंदांत करतं, आणि तोच फोटो कितीही वेळा दिला तरी तेच उत्तर देतं. 2017 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या रेडिओलॉजी सोसायटीने यावर एक स्पर्धाच घेतली होती, प्रोग्रॅम शिकवायला मुलांच्या हातांचे साडेबारा हजारांच्या वर एक्स-रे दिले होते, आणि जिंकलेल्या प्रोग्रॅमचं उत्तर तज्ज्ञांच्या उत्तरापासून सरासरी चारेक महिने इकडे तिकडे होतं. म्हणजे या एका कामापुरतं नवऱ्याचं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे, सांगायला मला आवडत नसलं तरी.

पण त्याला हेही सांग. त्या अॅटलासमधली मुलं होती अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातली, बहुतेक सगळी खात्यापित्या घरची गोरी मुलं, एक्स-रे काढलेले 1931 ते 1942 च्या दरम्यान. त्या मुलांवरून जगभरच्या मुलांची हाडं इतकी वर्षं मोजली जातायत, आणि तेव्हा कोणी पालक भांडायला गेला नाही, कारण पुस्तक होतं ना, पुस्तकाला कोण विचारणार. सॉफ्टवेअरला कोणत्या मुलांचे फोटो दाखवून शिकवलं हा प्रश्न तू पत्रात विचारलायस तो अगदी योग्य आहे, फक्त तो मशीनपासून सुरू होत नाही, खूप मागून येतो. पुस्तकातली चूक निदान पानावर दिसते तरी, सॉफ्टवेअरमध्ये ती आत शिरली की बाहेरून कळत नाही. शिवाय काही आजारांत हाडांचा आकारच वेगळा असतो, तिथे प्रोग्रॅम गडबडू शकतो. म्हणून ती 'रेडिओलॉजिस्टने तपासलंय' ही ओळ महत्त्वाची. तू त्या ओळीच्या पहिल्या अर्ध्यावर अडकलीस, दुसरा अर्धा वाचलाच नाहीस बहुतेक.

आणि साडेसहा हा आकडा. आठ वर्षांच्या मुलात वर्ष-दीड वर्षाचा फरक असला की लगेच आजार असतो असं अजिबात नाही. कितीतरी निरोगी मुलं उशिरा वाढतात, पुढे गाठतात, त्यात आई किंवा बाबा पण लहानपणी बुटके होते असं बऱ्याचदा निघतं (सासूबाईंना विचार, नवऱ्याचं शाळेत काय होतं ते). पण तुझ्या मुलाचं तसंच आहे हे मी सांगू शकत नाही, आणि एकटा आकडाही सांगू शकत नाही. डॉक्टर आकड्याबरोबर उंचीचा आलेख, वजन, गरज पडली तर रक्ताच्या तपासण्या, सगळं एकत्र बघतात.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रात तिसऱ्या पानावर, बाकीच्या रागाच्या मधोमध एक वाक्य आहे, जाता जाता लिहिल्यासारखं, की रात्री दोन वाजता तू तो रिपोर्ट चॅटबॉटला दिलास आणि त्याने ज्या आजारांची नावं सांगितली त्यानंतर तुला झोप नाही. अगं बाई! जे सॉफ्टवेअर एकच काम करायला बनवलंय, मुलांच्या एक्स-रेवर तपासलंय आणि ज्याच्या मागे एक डॉक्टर सही करून उभा आहे, त्याच्यावर तुझा भरवसा नाही, आणि जे कशावरही काहीही बोलतं त्याने सांगितलेल्या आजारांवर तू रात्रभर रडतेस? आणि नवरा तुझ्यापेक्षा वेगळा नाही हं, तूच लिहिलंयस की धाकटीला ताप आला की तो औषधाचा डोस चॅटबॉटला विचारतो आणि रिपोर्ट नावासकट अपलोड करतो.

2024 च्या सुरुवातीला 'जामा पीडियाट्रिक्स' या बालरोगांवरच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. लहान मुलांच्या छापून आलेल्या 100 केसेस चॅटजीपीटीला दिल्या आणि निदान विचारलं, तर 83 चुकल्या. त्यातल्या 72 सरळ चूक, आणि 11 मध्ये उत्तर इतकं ढोबळ की निदान म्हणता येणार नाही. आता न्याय म्हणून सांगते, त्या केसेस मुद्दाम अवघड होत्या, आणि त्यानंतर हे प्रोग्रॅम बरेच सुधारलेत. पण मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठाच्या लोकांनी 116 पालकांना मुलांच्या आरोग्याबद्दलचा मजकूर वाचायला दिला, काही तज्ज्ञांनी लिहिलेला, काही चॅटजीपीटीने, कोणता कोणाचा ते न सांगता. पालकांना धड फरक कळला नाही, आणि फरक वाटला तिथे चॅटबॉटचाच मजकूर जास्त भरवशाचा वाटला. गोड बोलतं ना ते, आणि दमत नाही. डॉक्टर मात्र पाच मिनिटांत पुढचा पेशंट बोलावतात.

तापाच्या औषधाचं नवऱ्याला स्पष्ट सांग, भांडण म्हणून नको, पण स्पष्ट. मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो, आणि एकाच नावाचं सिरप वेगवेगळ्या स्ट्रेंथमध्ये मिळतं, त्यामुळे किती एमएल हे तुमच्या हातातल्या बाटलीवर अवलंबून असतं. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. हे डॉक्टरांकडून एकदा धाकटीच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या, बाटलीचं नाव आणि स्ट्रेंथ सकट, वजन वाढलं की परत लिहून घ्या, विषय संपला. आणि रिपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, पेशंट नंबर मुलांचे आहेत, मोठं झाल्यावर त्यांनाच विचारावं असे, ते कुठेही टाकायचे नाहीत.

मग चॅटबॉट बंदच करायचा का? नाही गं, मी वापरते. 'हा शब्द सोप्या भाषेत सांग', 'डॉक्टरांना काय काय विचारू' यासाठी चांगला आहे. मुलाला काय झालंय हे मात्र त्याला विचारायचं नाही, रात्री दोनला तर नाहीच. खरंच तब्येतीची भीती वाटत असेल तर रात्री दोनला इमर्जन्सीला फोन लावायचा, आणि बोन एज ही काही इमर्जन्सी नाही.

राहिला तुझा राग, की विचारलं नाही. तो मला पटतो. 2020 मध्ये 'चिल्ड्रेन' या जर्नलमध्ये अमेरिकेतल्या पालकांचा एक सर्व्हे आला होता, मुलांच्या उपचारात एआय वापरण्याबद्दल. त्यात अचूकपणा, खर्च, सोय यांच्या बरोबरीने प्रायव्हसी, निर्णयात आपला सहभाग आणि माणसाचा स्पर्श याही गोष्टी आल्या होत्या. अचूकपणा तुझा नवरा धरून बसलाय आणि सहभाग तू. एका वाक्यात सांगितलं असतं, 'मोजमाप सॉफ्टवेअर करतं, मी स्वतः बघतो', तर तुला एवढं लागलं नसतं. पण आता ते वाक्य तूच जाऊन काढून घे. पुढच्या अपॉइंटमेंटला दोघं जा, आणि विचार की एक्स-रे तुम्ही स्वतः बघितला का, तुमचा आकडा काय आला, सॉफ्टवेअर आणि तुमचं जुळलं नसतं तर कोणाचं धरलं असतं, हे सॉफ्टवेअर आमच्या मुलासारख्या मुलांवर तपासलंय का, आणि त्याचा फोटो पुढे प्रोग्रॅम शिकवायला वापरणार असाल तर आमची परवानगी कुठे घेतली. शेवटच्याला 'नको' म्हणायचा तुला हक्क आहे, आणि उपचार त्यामुळे थांबता कामा नयेत. डॉक्टर या प्रश्नांवर चिडले तर डॉक्टर बदलायचा विचार कर, सॉफ्टवेअर नंतर.

आणि दर रविवारी त्या पोराला भिंतीला उभं करून उंची मोजायची बंद कर आधी. आठवड्याला काही दिसणारच नाही, टेप थोडी हलली तरी आकडा बदलतो, आणि दर रविवारी तुझा चेहरा त्याला दिसतो. सहा महिन्यांनी एकदा, सकाळीच, चप्पल काढून, टाच भिंतीला टेकवून. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

तुझी,
मावशी