उंबऱ्याखालची किल्ली

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. कापणीचा भाव व्यापाऱ्याशी व्हॉट्सअॅपवरच ठरतो. आता सरकार हे मेसेज वाचणार म्हणतात. खरं का?

उत्तर : भाऊ, तुमचा भाव सध्या तुमच्या आणि व्यापाऱ्याच्याच फोनवर उघडतो, मधल्या कंपनीलाही वाचता येत नाही. मात्र २०२१च्या आयटी नियमांनुसार, गंभीर गुन्ह्यात आदेश आला तर मोठ्या मेसेजिंग कंपनीनं मेसेज मुळात कोणी पाठवला ते सांगायचं. मजकूर मागितलेला नाही. पण त्यासाठी एन्क्रिप्शनच, म्हणजे मेसेजला लागलेलं कुलूपच, मोडावं लागेल, असं म्हणत व्हॉट्सअॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तसं करायला लावलं तर आम्ही इथून जाऊ, असं त्यांच्या वकिलानं २०२४ मध्ये सांगितलं.

कोणी म्हणेल, कुलूप राहू दे, फक्त सरकारपुरती एक जास्तीची किल्ली ठेवा. माझ्या सासऱ्यांनी सावद्याच्या गोदामाची जास्तीची किल्ली फक्त सालदारासाठी उंबऱ्याखाली ठेवली होती. पोटॅशच्या चार गोण्या गेल्या, आणि सालदार तर तेव्हा गावालाच गेलेला!

तुम्ही आधी चॅटचा बॅकअप, म्हणजे साठवलेली प्रत, बघा. त्याचं एन्क्रिप्शन सेटिंगमध्ये जाऊन वेगळं चालू करावं लागतं.