सगळे पृष्ठवंशीय प्राणी समपृष्ठरज्जू असतात, मग सगळे समपृष्ठरज्जू प्राणी पृष्ठवंशीय का नसतात?

आपला प्रश्न असा आहे, की पाठ्यपुस्तकात समपृष्ठरज्जू प्राण्यांची जी लक्षणे दिली आहेत, म्हणजे पृष्ठरज्जू, पाठीकडचा पोकळ चेतारज्जू (चेतातंतूंचा दोर), कल्लाविदरे (घशाच्या बाजूंच्या फटी) आणि शेपूट, त्यांपैकी चेतारज्जू सोडला तर मोठ्या माणसात एकही दिसत नाही; मग त्याला या संघात कशाच्या आधारावर घालतात, आणि समपृष्ठरज्जू व पृष्ठवंशीय असे दोन वेगळे गट हवेत तरी कशाला? मी मुंबईतील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. हा प्रश्न वर्गात कोणी ना कोणी दरवर्षी विचारतेच आणि तो विचारला गेला की मला मनापासून आनंद होतो, कारण लक्षणांची यादी पाठ करताना तिच्यातील सर्वांत महत्त्वाची अट बहुधा घाईने ओलांडली जाते. ही लक्षणे प्राण्याच्या आयुष्यात कोणत्या तरी एका अवस्थेत असली पाहिजेत, एवढेच त्या अटीत म्हटले आहे. ती जन्मभर टिकली पाहिजेत, असे नाही.

प्रथम पृष्ठरज्जूविषयी, म्हणजे ज्याला नोटोकॉर्ड म्हणतात त्याविषयी. हा पाठीचा कणा नव्हे आणि कण्यातून जाणारा मेरुरज्जू, म्हणजे आपला चेतारज्जू, तोही नव्हे. अन्ननलिकेच्या वर आणि चेतारज्जूच्या खाली, शरीराच्या लांबीत पसरलेला तो एक ताठ पण लवचीक दांडा असतो. द्रवाने फुगलेल्या मोठ्या पेशी आणि त्यांच्याभोवती तंतुमय आवरण अशी त्याची घडण असल्यामुळे तो वाकतो, पण आखूड होत नाही. म्हणूनच दोन्ही बाजूंचे स्नायू आळीपाळीने आकुंचन पावले की शरीर आक्रसत नाही, तर डावी-उजवीकडे लहरत पुढे सरकते. माणसाच्या गर्भात तो तिसऱ्या आठवड्यात तयार होतो. इमारतीचा स्लॅब टाकताना सेंटरिंग लावतात आणि काँक्रीट पक्के झाल्यावर ते काढून घेतात, तसेच त्याचे काम आहे, मात्र त्याहून बरेच अधिक. कारण पृष्ठरज्जू नुसता आधार देत नाही, तर त्याच्यातून स्रवणारी प्रथिने वरच्या चेतानलिकेतील कोणत्या पेशीने काय व्हायचे हेही ठरवून देतात. पुढे त्याच्याभोवती मणके तयार होतात आणि तो मागे पडतो. तरीही तो पूर्ण पुसला जात नाही. दोन मणक्यांमधील चकतीचा जेलीसारखा मऊ गाभा मूळ पृष्ठरज्जूपासूनच घडलेला असतो, आणि 'स्लिप डिस्क' झालेल्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये चकतीबाहेर आलेला जो भाग डॉक्टर दाखवतात, तो बहुतेक वेळा हाच गाभा असतो.

चेतारज्जू या दुसऱ्या लक्षणाची खूण मुंबईच्या स्वयंपाकघरात सहज पटते. कोळंबी साफ करताना पाठीवरून जो काळा दोरा ओढून काढतात, ते तिचे आतडे. तिचा चेतारज्जू पोटाच्या बाजूने जातो आणि तो भरीव असतो, तर हृदय पाठीकडे असते. पापलेटमध्ये नेमके उलटे असते. हृदय पोटाच्या बाजूला आणि पोकळ चेतारज्जू पाठीकडे, मधल्या काट्यावरच्या कमानींतून जाणारा. एत्येन जॉफ्र्वा सेंत-इलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८२२ मध्ये शेवंडीचे विच्छेदन करून असे मांडले होते, की तिला उताणे ठेवले तर तिच्या अवयवांचा क्रम पृष्ठवंशीय प्राण्यांसारखाच दिसतो. ही कल्पना फार काळ बाजूला पडली होती. १९९०च्या दशकात मात्र असे दिसून आले, की फळमाशीत पाठ आणि पोट ठरवणाऱ्या जनुकांची जी जोडी आहे, तिचीच भावंडे बेडकात तेच काम उलट्या बाजूंनी करतात, आणि त्या जुन्या विचाराकडे अभ्यासक पुन्हा गांभीर्याने पाहू लागले.

आपला चेतारज्जू पोकळ असतो, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. गर्भाच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी असते; तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींना मिळतात आणि नळी तयार होते. माणसात ही नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत पूर्ण मिटते. ती खालच्या भागात मिटली नाही, तर मूल दुभंगलेल्या कण्याचे जन्माला येते. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायला सांगतात ती याचसाठी, कारण पाळी चुकल्याचे लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत नळी मिटण्याचा काळ बराचसा उलटून गेलेला असतो.

कल्लाविदरांविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. माणसाच्या गर्भाला कल्ले कधीच नसतात आणि तो त्यांनी श्वासही घेत नाही. त्याच्या ग्रसनीच्या, म्हणजे घशाच्या, दोन्ही बाजूंना आतून कप्पे आणि बाहेरून खाचा पडतात, एवढेच. माशात हे कप्पे आरपार उघडतात आणि त्यांच्या काठांवर कल्ले येतात. आपल्यात ते न उघडता निराळ्या अवयवांच्या कामी येतात. पहिल्या कप्प्यापासून मध्यकर्णाची पोकळी आणि तिला घशाशी जोडणारी नलिका तयार होते, दुसऱ्यापासून टॉन्सिलचा काही भाग, तर पुढच्या कप्प्यांपासून थायमस आणि पॅराथायरॉइड ग्रंथी. घसा दुखला की कान का ठणकतो, याचा थोडा उलगडा यातून होतो. थायरॉइडचीही अशीच गोष्ट आहे. गाळून खाणाऱ्या साध्या समपृष्ठरज्जू प्राण्यांच्या ग्रसनीच्या तळाशी चिकट स्राव तयार करणारी एक पन्हळ असते आणि ती आयोडीन साठवते. लॅम्प्रे या जबडा नसलेल्या प्राण्याच्या डिंभकात, म्हणजे अंड्यातून निघालेल्या अपक्व पिल्लात, तीच पन्हळ असते आणि तो प्रौढ होताना तिचीच थायरॉइड ग्रंथी बनते. या संघाच्या एकत्वाचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही.

शेपटीबाबत लांबलचक सांगण्यासारखे काही नाही. गुदद्वाराच्या मागे शरीर पुढे चालू राहणे, एवढाच तिचा अर्थ आहे. माणसाच्या गर्भात ती आठव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत मावळते आणि माकडहाड उरते.

आता दोन गटांच्या प्रश्नाकडे येते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राण्यांची कणा असलेले आणि नसलेले अशी विभागणी रूढ केली, तेव्हा समपृष्ठरज्जू हा गट कोणाच्या मनातही नव्हता. समुद्रातील खडकांना, बंदरातील खांबांना आणि बोटींच्या तळांना चिकटून राहणारे पिशवीसारखे ॲसिडियन प्राणी तेव्हा शिंपल्यांच्या नातलगांत मोजले जात. त्यांच्यावर सेल्युलोजसारख्या द्रव्याचे जाड आवरण असते, त्यांना डोके नसते, ते हलत नाहीत आणि एका छिद्राने पाणी आत घेऊन दुसऱ्याने सोडतात. १८६६ मध्ये अलेक्सांद्र कोवालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने त्यांच्या अंड्यांपासून पुढची वाढ बारकाईने तपासली आणि त्यांचा डिंभक बेडकाच्या पिल्लासारखा पोहणारा असून त्याच्या शेपटीत पृष्ठरज्जू आणि त्यावर पोकळ चेतारज्जू असतो, हे दाखवून दिले. सियोना या ॲसिडियनच्या डिंभकात तर हा पृष्ठरज्जू मोजून ४० पेशींचा असतो. काही काळ पोहून डिंभक डोक्याकडच्या टोकाने खडकाला चिकटतो, शेपूट शोषून घेतो, आणि त्याच्यासोबत पृष्ठरज्जूही नाहीसा होतो. आपल्या पुस्तकातील हर्डमानिया याच गटातला, पुच्छसमपृष्ठरज्जू. कणा त्याला कधीच नव्हता, पृष्ठरज्जू मात्र होता. म्हणजे तो समपृष्ठरज्जू आहे आणि पृष्ठवंशीय नाही.

दुसरे उदाहरण ॲम्फिऑक्सस, शीर्षसमपृष्ठरज्जूंपैकी. वाळूत अर्धवट पुरून राहणारा हा काही सेंटिमीटरचा प्राणी जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पाल्लास यांनी १७७४ मध्ये गोगलगायीचा प्रकार समजून नोंदवला होता. त्याचा पृष्ठरज्जू पार तोंडाच्या टोकापर्यंत जातो आणि जन्मभर टिकतो, तरीही त्याभोवती ना मणके येतात, ना डोक्याला कवटी. अशा प्राण्यांच्या सुमारे ३० जाती आहेत, पुच्छसमपृष्ठरज्जूंच्या सुमारे ३,०००, आणि उरलेला सगळा संघ, सुमारे ७० हजार जातींचा, पृष्ठवंशीयांचा आहे.

पृष्ठवंशीयांना वेगळे काढणारी गोष्ट फक्त मणके नाहीत. कवटीत बंद असलेला, भाग पडलेला मेंदू हे त्यांचे तितकेच मोठे लक्षण आहे. शिवाय गर्भाची चेतानळी मिटताना तिच्या कडांवरून काही पेशी सुटून शरीरभर जातात आणि त्यांच्यापासून चेहऱ्याची हाडे, दातांचा बराच भाग, त्वचेतील रंगपेशी आणि अनेक चेतापेशी बनतात. हाडाचा टणकपणा ही मात्र कसोटी नव्हे. भाऊच्या धक्क्यावर मिळणाऱ्या मुशीचा आणि पाकटाचा सांगाडा पूर्ण कास्थीचा, म्हणजे कूर्चेचा असतो, बोंबलाचा काटा तर बोटाने दाबला जातो, तरी हे तिन्ही पृष्ठवंशीयच. त्याच टोपलीतील माकूल आतून ताठ असते, पण तिच्यात पृष्ठरज्जूही नाही आणि कणाही नाही.

पुस्तकात पुढे चक्रमुखी, कास्थिमत्स्य, अस्थिमत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी आणि सस्तन असे वर्ग दिलेले असतात. ही मांडणी शिकायला सोयीची आहे आणि परीक्षेत तीच लिहावी. नात्यांच्या दृष्टीने मात्र ती जागोजागी अपुरी पडते. मगरीचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग पाल किंवा साप नसून पक्षी आहेत, आणि फुप्फुसे असलेला लंगफिश हा मासा पापलेटपेक्षा गाईला अधिक जवळचा आहे. समपृष्ठरज्जूंच्या मुळाशीही असाच बदल झाला आहे. माशासारखा दिसणारा ॲम्फिऑक्सस आपला जवळचा नातलग, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. परंतु २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तुलनेत खडकाला चिकटलेले पिशवीसारखे प्राणीच पृष्ठवंशीयांना अधिक जवळचे ठरले, आणि आज हेच मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. दिसण्यावरून नाते ठरवू नये, हे मी विद्यार्थ्यांना याच उदाहरणावरून सांगते.

पृष्ठवंशीय आणि इतर यांच्या सीमेवर दीर्घकाळ रेंगाळलेला प्राणी म्हणजे हॅगफिश, आपल्या पुस्तकातील मिक्झिन. त्याला कवटी आहे, पण मणके दिसत नसत, म्हणून काही अभ्यासक त्याला पृष्ठवंशीयांच्या बाहेर ठेवत. जनुकीय पुराव्याने तो लॅम्प्रेचा सख्खा नातलग ठरला, आणि २०११ मध्ये जपानमधील संशोधकांनी त्याच्या शेपटीकडच्या भागात पृष्ठरज्जूच्या खाली कास्थीच्या लहान गाठींच्या रूपात मणक्यांचे अवशेष दाखवून दिले.