सॉकेट तेच, मग डिस्प्ले का येत नाही?

वाचकांचे प्रश्न : संगणक दुरुस्ती

प्रश्न : २०११ मध्ये असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. एच६१ चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड, आय३-२१२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम. त्यात वापरलेला आय५-३४७० आणून बसवला. बटण दाबलं की पंखा फिरतो, पण डिस्प्ले नाही, बीपही नाही. काही सेकंदांनी आपोआप बंद होतो, पुन्हा चालू होतो, असं चालूच राहतं. विकणारा म्हणतो, सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खाच) ११५५ आहे, चालायलाच हवा. प्रोसेसर खराब निघाला का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : खराब प्रोसेसर हा सगळ्यात शेवटचा संशय असावा. मदरबोर्ड, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), रॅम हे सगळे प्रोसेसरच्या आधी जातात. तुम्ही सांगितलेली लक्षणं तर जुन्या बायॉसचीच (बोर्डावर भरलेल्या, संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामचीच) आहेत.

आय३-२१२० हा सँडी ब्रिज पिढीतला, २०११ चा. आय५-३४७० त्यानंतरच्या आयव्ही ब्रिज पिढीतला, २०१२ चा. दोन्ही ११५५ सॉकेटमध्ये नीट बसतात, पण २०११ मध्ये बोर्डावर भरलेल्या बायॉसला आयव्ही ब्रिजची ओळखच नाही. बोर्ड पहिल्याच पायरीवर अडकतो, रीसेट होतो आणि पुन्हा तिथेच येतो. विकणाऱ्याचं म्हणणं खोटं नाही, अर्धवट आहे.

आधी जुना आय३ परत बसवा. तो चालला तर रॅम, हार्ड डिस्क, केबल यांच्या मागे लागू नका. विंडोजमध्ये रनच्या चौकटीत एमएसइन्फो३२ (msinfo32) टाइप केलं की बायॉसची आवृत्ती आणि तारीख दिसते. बोर्डाचं नेमकं मॉडेल बोर्डावरच छापलेलं असतं. त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात रिव्हिजनही असते, तीही टिपून घ्या. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनना वेगवेगळं बायॉस लागू शकतं. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची 'सीपीयू सपोर्ट' यादी काढा आणि आय५-३४७० समोर कोणत्या आवृत्तीपासून चालेल असं लिहिलंय ते पाहा. यादीत प्रोसेसरच नसेल तर तिथेच थांबा, पुढची खटपट वाया जाईल.

फाइल एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घ्या आणि बायॉसमधल्याच अपडेटच्या सोयीने चढवा. संगणक यूपीएसवर असू द्या. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. बऱ्याच एच६१ बोर्डांवर या टप्प्याला मॅनेजमेंट इंजिनचं (चिपसेटमधल्या छोट्या नियंत्रकाचं) फर्मवेअरही, म्हणजे आत भरलेला प्रोग्रामही, बदलावा लागतो, काहींवर मधली एखादी आवृत्ती आधी चढवावी लागते. डाउनलोडच्या पानावरची बारीक अक्षरातली सूचना म्हणूनच वाचायची. एकदा बायॉसच्या पुढच्या मालिकेत गेल्यावर मागे येता येत नाही, असंही काही बोर्डांचं असतं.

अपडेट झाल्यावर संगणक बंद करा, पॉवर केबल काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा आणि मग आय५ बसवा. बायॉसची जुनी सेटिंग पुसण्यासाठी सेलजवळच्या तीन पिनांवरचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) १-२ वरून २-३ वर दहा सेकंद ठेवून परत १-२ वर आणा. जंपर सापडला नाही तर सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं काढून ठेवा. इतक्या वर्षांचा सेल असेल तर नवाच घाला. पहिल्यांदा चालू करताना रॅमची एकच पट्टी लावा.

आता समजा जुना आय३ही चालेनासा झाला. मग गडबड प्रोसेसर बदलताना झाली. सॉकेटजवळचा चार पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर लावायचा राहिला तर पंखे फिरतात पण प्रोसेसरला वीजच मिळत नाही. हा प्रकार वाटतो त्याहून जास्त घडतो. तो नीट असेल तर सॉकेट उघडा. या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. बाजूने तिरका टॉर्च मारा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम करून ओळीने बघत जा. सगळ्या पिनांची टोकं एकाच रेषेत चमकायला हवीत. एखादी वेगळ्या दिशेला चमकली तर ती वाकली आहे. ०.५ मिमीच्या मेकॅनिकल पेन्सिलीतली शिसं काढून तिचं रिकामं टोक पिनेवर अलगद चढवा आणि केसभर ढकला. एका झटक्यात सरळ करू पाहाल तर पीन तुटेल.

आणखी एक चाचणी फुकटात होते. कॅबिनेटचा छोटा स्पीकर बोर्डाला जोडा, रॅम पूर्ण काढा आणि चालू करा. चांगला बोर्ड रॅम नसल्याची बीप देतो. आय३वर बीप आली आणि आय५वर बोर्ड गप्प राहिला, तर काम रॅम तपासण्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे पुन्हा पहिला संशय बायॉसवरच.

अपडेट नको असेल तर प्रोसेसर परत करून आय५-२४०० घ्या. तो सँडी ब्रिजच आहे, त्यालाही चार कोअर आहेत. फक्त तो ९५ वॅटचा आहे, तुमचा आय३ ६५ चा, म्हणून बोर्डाच्या यादीत त्याचंही नाव बघा आणि कूलर साफ करून घ्या.

प्रश्न : कंपनीचा रिफर्बिश्ड डेस्कटॉप आहे, चिपसेट क्यू६५. आय७-३७७० साठी बायॉस मिळेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. आय७-३७७० आयव्ही ब्रिज आहे आणि क्यू६५, क्यू६७ व बी६५ या चिपसेटना आयव्ही ब्रिजचा आधार इंटेलने दिलाच नाही. आय७-२६०० ही तुमची मर्यादा. खरं सांगायचं तर अजून हार्ड डिस्कच असेल, तर तेच पैसे एसएसडीत घाला. फरक जास्त जाणवेल.

प्रश्न : एच६१ बोर्डाचं बायॉस अपडेट करून झिऑन ई३-१२३० व्ही२ बसवला. विंडोज सुरू झाल्याचा आवाज येतो, पडदा मात्र काळा. (एक वाचक, सांगली)

उत्तर : संगणक चालू आहे, चित्र दाखवणारंच कोणी नाही. या झिऑनमध्ये (इंटेलच्या सर्व्हर-वर्कस्टेशनसाठीच्या प्रोसेसरमध्ये) ग्राफिक्स, म्हणजे चित्र तयार करणारा भाग, नाही, त्यामुळे बोर्डाचे व्हीजीए, एचडीएमआय पोर्ट मुके राहतात. जीटी ७१० सारखं साधं ग्राफिक्स कार्ड लावा आणि मॉनिटरची केबल कार्डाला जोडा. या मालिकेत १२२५, १२४५, १२७५ अशा ५ ने संपणाऱ्या मॉडेलांत ग्राफिक्स असतं. आय५-३३५०पी मध्येही ते नाही, 'पी' पाहूनच घ्या.

प्रश्न : प्रोसेसर बदलल्यावर डिस्प्ले येतो, पण मिनिटभरात संगणक बंद पडतो. (एक वाचक, पणजी)

उत्तर : कूलरला बोर्डावर धरून ठेवणारी एखादी पुशपिन बसलेली नाही. बोर्ड बाहेर काढून मागून बघा. चारही पांढऱ्या नखांच्या मधून काळा खिळा पूर्ण बाहेर आलेला दिसायला हवा. नाही तर कूलर काढा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मटारच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवा आणि पिना तिरप्या जोडीने दाबा. दाबण्याआधी पिनांची डोकी त्यांच्यावरच्या बाणाच्या उलट दिशेला फिरवून ठेवा. बाणाच्या दिशेला वळलेली पिन लॉक होत नाही.