ई-कॅडहेरिनचा पट्टा फिका का?

प्रश्न : पेशी ट्रिप्सिन-ईडीटीएने (प्रथिने कापणारे एन्झाइम आणि कॅल्शियम धरणारे रसायन) बशीवरून सोडवल्या, की वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) १२० किलोडाल्टनचा ई-कॅडहेरिनचा, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनाचा, पट्टा फिका येतो. पेशीच हे प्रथिन तोडतात का?
— एम.एस्सी. विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आधी ट्रिप्सिनवर संशय घ्या. ईडीटीए कॅल्शियम काढून घेतो. मग कॅडहेरिनचा बाहेरचा भाग उघडा पडतो आणि ट्रिप्सिन तो कापतो. म्हणून पेशी बर्फावरच, प्रोटीएज इनहिबिटर (प्रथिने कापणारी एन्झाइम रोखणारे रसायन) घातलेल्या लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) खरवडून काढा. नागपूरच्या मे महिन्यात बफरही बर्फातच हवा.

कॅडहेरिन तोडण्याची पेशीची स्वतःची वाट निराळी, आणि फार देखणी. पी१२०-कॅटेनिन हे प्रथिन कॅडहेरिनच्या पेशीतल्या शेपटाला धरून असेपर्यंत कॅडहेरिन पृष्ठभागावर टिकते. पी१२० सुटले, की कॅडहेरिन क्लॅथ्रिनमार्गे (क्लॅथ्रिन प्रथिनाच्या आवरणाच्या पिशव्यांतून) आत ओढले जाऊन बहुधा लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पाचक पिशवीत, जाते. ही वाट तपासायला सायक्लोहेक्सिमाइडने प्रथिनांची नवी निर्मिती थांबवून ०, ४, ८ तासांनी नमुने घ्या. सोबत लायसोसोमचे काम रोखणारे क्लोरोक्विन दिल्यावर पट्टा टिकला, तर तोडणी लायसोसोमचीच.