साग लावण्याआधी

अरे, इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूला जमीन घेतलीस, छान केलंस. पण आधी एक पावसाळा नुसतं बघ, पाणी कुठे साचतं ते. आपली माळव्याची चिकट काळी माती सागाला मानवत नाही, त्याला निचरा हवा. उताराची मुरमाड बाजू त्याला दे, नाल्याकाठी अर्जुन लाव.

2 बाय 2 मीटरवर हेक्टरी 2500 रोपं बसतात. ती सगळी शेवटपर्यंत ठेवायची नसतात! मी ठेवली. विरळणी, म्हणजे मधली झाडं काढायला हात धजेना, आणि झाडं उंच वाढली पण मनगटाएवढीच राहिली. शेंडे एकमेकांत घुसू लागले की वाकडी, दबलेली झाडं काढ. त्यांच्या बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, होतात. वर्षं मोजत बसू नकोस, शेंड्यांकडे बघ.

बांधावरचा मोह, पळस राहू दे. पाखरं, मधमाश्या त्यांच्यामुळेच येतात. मात्र मोहाची फुलं वेचायला लोक झाडाखालचा पाला पेटवतात, म्हणून फेब्रुवारीतच कडेचा पट्टा साफ करून घे.

आणि खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदवहीत, झाडांची नोंद आत्ताच कर. साग स्वतःच्या शेतातला असला तरी तोडायला, न्यायला परवानगी लागते.