किर्लोस्करांचा नांगराचा कारखाना पंपांपर्यंत कसा पोहोचला?

सायकली विकणाऱ्या किर्लोस्कर बंधूंना नांगर का सुचला आणि त्याच कारखान्यातून पुढे पंप कसे आले, असं तुम्ही विचारलंय. माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) मुंबईला चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येत नसल्याने यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगाव गाठलं. तिथे भाऊ रामुअण्णांबरोबर १८८८ पासून सायकलचं दुकान होतंच. त्याला जोडून छोटा कारखाना निघाला. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर.

नांगर काही केल्या खपेना. पहिला विकायलाच दोन वर्षं गेली. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, असं शेतकरी म्हणत, हे सगळीकडे सांगितलं जातं. पण मला ते अर्धंच कारण वाटतं. लाकडी नांगरालाही पुढे लोखंडी फाळ असायचाच की! खरी अडचण दुरुस्तीची असणार. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून द्यायचा, फाळ बोथटला तर लोहार तापवून, ठोकून पुन्हा टोकदार करून (शेवटून) द्यायचा. कारखान्याच्या नांगराच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, फाळाचं तसं नाही. बीड ठोकून वाढवता येत नाही, घाव बसला की तुकडा पडतो. म्हणजे नांगर घेतला की सुट्ट्या फाळांसाठी कायम कारखान्यावर विसंबणं आलं. बेळगावचा कोण कुठला कारखानदार उद्या असेल की नाही, याची शेतकऱ्याला खात्री कशी वाटावी? त्याची शंका रास्तच होती.

नांगर उपयोगाचा होता यात वाद नाही. लाकडी नांगर माती चिरत जातो. लोखंडी नांगराचा वळलेला पंखा चिरलेली माती उचलून उलथी पाडतो. हरळी-कुंद्यासारख्या तणांच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात. काळ्या रानात हा फरक एका हंगामात दिसतो.

धंदा जेमतेम मूळ धरत होता तोच बेळगावच्या नगरपालिकेने जागा खाली करायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी! १९१० मध्ये निवडुंग तोडून, साप मारून तिथे किर्लोस्करवाडी वसली. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांच्यासारखी माणसं या घराशी कायमची जोडली गेली. वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. त्या काळात हे सोपं नव्हतं, आणि कारखान्याइतकंच ते मला मोठं वाटतं.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आवक आटली. मागणी वाढली, पण ओतायला लोखंड नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही रीतसर कंपनी झाली.

आता पंपांचं. माझ्या मते त्यात अचानक काही घडलं नाही. हे लोक एकाच गिऱ्हाइकाच्या मागे चालत राहिले. रान नांगरलं, पुढे ऊस आला तर चरक हवा, भुईमूग आला तर शेंगा फोडायचं यंत्र हवं. बागायत म्हटली की पाणी आलंच, आणि ते मोटेने उपसायचं तर बैल दिवसभर अडकून पडतात. १९२६ मध्ये त्यांनी सेंट्रिफ्यूगल पंप केला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनिअर झाले. पण वीज नसलेल्या विहिरीवर नुसता पंप काय कामाचा? १९४६ मध्ये इंजिनांसाठी पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि मोटरींसाठी बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या निघाल्या. लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले, म्हणजे हे सगळं त्यांना डोळ्यांनी पाहता आलं. नांगर मागे पडला. किर्लोस्करवाडीत पंप आजही बनतात.